मधुसूदनच्या पोटातली कांजी

तांडापेठेतल्या मधुसूदनराव हेडाऊंना नागपूर शहर पाठ होतं. म्हणजे देवळं, बाजार, उड्डाणपूल असलं नव्हे. ते काय, कोणालाही असतं. मधुसूदनरावांना पाठ होते ते संडास. कोणत्या पेट्रोल पंपावरची किल्ली मॅनेजरच्या खिशात असते आणि कोणत्या पंपावर खिळ्याला टांगलेली असते, रामदासपेठेतल्या कोणत्या दवाखान्यात शिरताना 'कोणाकडे जायचंय' असं कोणी विचारत नाही, इतवारीतल्या कोणत्या धर्मशाळेच्या मागच्या नळाला दुपारीही पाणी असतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. लग्नाची पत्रिका आली की लोक मुहूर्त पाहतात. हे आधी मंगल कार्यालयाचा पत्ता पाहायचे आणि मनातल्या मनात तिथवरचा रस्ता चालून यायचे. वाटेत दोन ठिकाणं सापडली तर आहेर घेऊन हजर, नाही सापडली तर त्या दिवशी त्यांना ताप यायचा.

वय अडुसष्ट. अंगकाठी मागाच्या धोट्यासारखी, लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळती. तीस वर्षं मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून त्यांनी हातमागावर लुगडी विणली. पुढे हातमागाचे दिवस सरले, माग निघाला, खड्डा बुजवून वर फरशी बसली आणि आता त्या जागेवर फ्रीज उभा आहे. मग साठी उलटल्यावर त्यांनी एका एटीएमवर पहारेकऱ्याची नोकरी धरली. बरी होती हो नोकरी! खुर्ची होती, थंड हवा होती. पण एटीएममधून नोटा निघतात, माणसाची दुसरी काही सोय तिथं नसते. चार महिन्यांत राजीनामा. लोकांना सांगितलं, "एसीची हवा मले मानवत नाही." थाप मारायचा हात त्यांचा तेव्हापासून बसला.

पोटाचं रडगाणं सहा वर्षांचं. कधी तीन-तीन दिवस हालचाल नाही, पोट नगाऱ्यासारखं टणक. आणि चौथ्या दिवशी अशी घाई की चप्पल पायात घालायला फुरसत मिळू नये. रक्त तपासून झालं, दुर्बीण घालून झाली. रिपोर्ट एकदम चकाचक. "आतड्याला काही झालेलं नाही काका," डॉक्टर म्हणाले, "ते फक्त चिडखोर आहे."

सोबत प्रयागबाई होत्या, त्यांच्या सौभाग्यवती. त्या तिथल्या तिथं बोलल्या, "मग मालकावर गेलं."

हे असंच चाललं असतं. नागपुरात अडलं नव्हतं काही. अडलं होतं ते उमरेडला.

उमरेडला त्यांची मोठी बहीण राहते, रंभाबाई. मधुसूदनरावांहून पाच वर्षांनी मोठी. चाळीस वर्षं न चुकता ते भाऊबीजेला तिच्याकडे जात आले होते. अंतर कितीसं? एसटीनं दीड तास. पण तो दीड तास बसमध्ये सलग बसायचं, आणि वाटेत ओळखीचा एक पेट्रोल पंप नाही! गेल्या चार भाऊबीजा बुडाल्या. पहिल्या वर्षी त्यांनी 'बसगाड्याच मिळत नाहीत' म्हणून कळवलं. दुसऱ्या वर्षी व्याही येऊन राहिले, जे आलेच नव्हते. तिसऱ्या वर्षी डेंग्यू झाला, जो झालाच नव्हता. चौथ्या वर्षी घराचं रंगकाम काढलं, आणि ही थाप पकडली जाऊ नये म्हणून बिचाऱ्यांनी पुढची एक भिंत खरोखरच रंगवून घेतली. ती एकटीच पिवळी भिंत आजही तशी उभी आहे.

तिकडे रंभाबाई आधी राखीला नागपूरला यायच्या, त्याही येईनाशा झाल्या होत्या. "गुडघे धरले बाप्पा," म्हणायच्या. "गुडघ्याचं काय वं एवढं," मधुसूदनराव प्रयागबाईंजवळ पुटपुटायचे, "बसमधी बसूनच तं याचं हाये." एकूण काय, इकडे राग आणि तिकडे रुसवा.

आणि दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

"मधू, मी एकदाच सांगतो, कान देऊन ऐक," रंभाबाई म्हणाल्या. "यंदा भाऊबीजेले तू आला तं ठीक. नाही आला तं मी चांदोबाले ओवाळीन. ज्या बाईले भाऊ नसते, ती चांदोबालेच ओवाळते. मीबी समजून घेईन का मले भाऊ नव्हताच." आणि पुढचं ऐकायच्या आत फोन बंद.

मधुसूदनराव फोन हातात धरून फ्रीजसमोर उभे राहिले. आईवडील जाऊन वीस वर्षं झालेली. 'मधू' म्हणून हाक मारणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस आता चंद्राला भाऊ मानायला निघालं होतं.

"अवो, सांगून टाका ना अक्काले खरं काय ते," प्रयागबाई म्हणाल्या. "पोटाचं दुखणं म्हणजे काय चोरी हाये?"

"तुले नाही समजत वं," मधुसूदनराव म्हणाले. "साऱ्या दुनियेले सांगीन. तिले नाही."

आता हे असं का, ते सांगायचं तर साठ वर्षं मागं जावं लागेल. तेव्हा तांडापेठेच्या गल्लीत पहाटेला पांजणी चालायची. पांजणी म्हणजे विणण्याआधी ताण्याच्या उभ्या सुताला कांजी पाजणं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून बांधायचं, तांदळाची कांजी लावायची आणि सगळ्या घरानं कुंचे घेऊन ती वाळेपर्यंत ओढत राहायचं. हात थांबला की संपलं. धागे एकमेकांना चिकटून बसतात. आठ वर्षांचा मधू एका टोकाला होता, तेरा वर्षांची रंभा दुसऱ्या टोकाला, मध्ये बाप. कांजी ऐन ओली असताना मधूच्या पोटात कळ आली. पोरगं कुंचा टाकून, लोटा उचलून पळालं. परत येतो तो त्याच्या बाजूचा पंधरा हात ताणा पापडासारखा कडकडीत झालेला. बापानं एक थप्पड दिली, ती दुपारपर्यंत विसरलीही गेली. पण रंभानं नाव ठेवलं, 'लोट्या'. ते काही विसरलं गेलं नाही. गल्लीभर 'लोट्या आला, लोट्या गेला.' लग्नात मुंडावळ्या बांधताना सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हाही ही बया कानाशी वाकून हळूच म्हणाली होती, "लोट्या, आज तरी धीर धर."

अशा बहिणीला अडुसष्टाव्या वर्षी जाऊन काय सांगायचं, की अक्का, अजून लोटाच सुटला नाही?

म्हणून मधुसूदनरावांनी मनाशी ठरवलं की भाऊबीजेच्या आत पोट दुरुस्त करायचंच. डॉक्टरांनी मागंच एक चिठ्ठी दिली होती, रामदासपेठेतल्या आहारतज्ज्ञ गार्गी मॅडमच्या नावाची. ती इतके दिवस कपाटात पडून होती. ते चिठ्ठी घेऊन गेले. गार्गी मॅडम म्हणजे नातीच्या वयाची मुलगी, पण बोलणं नीट, एकेक शब्द सुटा.

"इसबगोल घ्या काका," ती म्हणाली. "रोज एकाच वेळेला. पहिला आठवडा एक चमचा, मग दोन."

"पण मॅडम, ते तं पोट साफ व्हाचं औषध हाये. मले कधी तसं होते अन् कधी याच्या उलटं."

"तीच तर त्याची गंमत आहे. ते म्हणजे एका रोपाच्या बियांची साल. घट्ट झालं असेल तर मऊ करतं, पातळ होत असेल तर बांधून धरतं. दोन्हीला चालतं."

मधुसूदनरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, ही तर कांजी! ढिला धागा ताठ करणारी आणि कडक धागा तुटू न देणारी. सहा वर्षं डॉक्टर लोक उगाच इंग्रजीत बोलत राहिले; सरळ सांगितलं असतं की मधुसूदनराव, तुमच्या आतड्याला पांजणी लागते, तर पहिल्या दिवशी समजलं असतं! गार्गी मॅडम त्यानंतर पाण्याबद्दल बरंच काही सांगत होत्या. पण मधुसूदनराव तिथं नव्हतेच. ते तांडापेठेच्या गल्लीत कुंचा घेऊन उभे होते.

घरी येऊन त्यांनी काम हाती घेतलं ते अगदी जुन्या कसबानं. वाटीत इसबगोल, त्यात जेमतेम बुडेल एवढं पाणी, आणि चमच्यानं घोटणं. घोटता घोटता ते खळीसारखं दाट झालं की बोटावर घेऊन तार पाहायची, मान डोलवायची आणि गिळून टाकायचं. आणि त्यावर पाणी? शिव शिव! ओल्या पांजणीवर पाण्याचा थेंब पडला तर विणकराची महिन्याची मेहनत वाया. आभाळात ढग दिसला तरी त्यांचा बाप ताणा गुंडाळायचा. मधुसूदनरावांनी दिवसभराचं पाणीच तोडलं. सकाळी अर्धा कप चहा, जेवताना दोन घोट, बस.

"पाणी काहून नाही पिऊन राहिले तुमी?" प्रयागबाईंनी विचारलं.

"सुकू दे आधी," ते म्हणाले.

त्यात शेजारच्या बाबनरावांची भर पडली. बाबनराव जन्मभर ट्रक चालवून घरी बसलेले; त्यांना शरीर म्हणजे इंजिन आणि सगळी दुखणी म्हणजे तेलपाणी. "काय गा मधुसूदन, नुसत्या भुशीनं काय होते?" ते म्हणाले. "गव्हाचा कोंडा खाय. म्हैस पाहिली काय तू कधी पोट धरून बसलेली?" म्हैस खरोखरच कधी पाहिली नव्हती. मग पोळ्याही कोंड्याच्या सुरू झाल्या.

तिसऱ्या दिवशी पोट जड झालं. मधुसूदनराव खूश. "धरून राहिली कांजी," म्हणाले. पाचव्या दिवशी पॅंटचं बटण लागेना. सहाव्या दिवशी पोटातून असे आवाज येऊ लागले की बाबनरावांच्या घरी पूजेला बसले असताना भटजी दोनदा पोथी थांबवून दाराकडे पाहून आले. सातव्या दिवशी मधुसूदनराव पाटावरून उठेचनात. घाम फुटलेला, चेहरा पांढरा.

"मले नाही वाटत आता उमरेड होईन," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला लागले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात प्रयागबाईंनी त्यांना असं रडताना दोनदाच पाहिलं होतं. त्यांनी लगेच ऑटो बोलावला आणि त्यांना रामदासपेठेत नेऊन उभं केलं.

"पाणी किती पिता?" गार्गी मॅडमनं पहिलाच प्रश्न टाकला.

"नाही पित."

"नाही म्हणजे?"

मग मधुसूदनरावांनी पोट धरून, पण मोठ्या अभिमानानं, तिला पांजणी समजावून सांगितली. ताणा कसा बांधतात, कुंचा कसा फिरवतात, ढग आला तर काय करतात. मुलगी तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली. हसू येत होतं की भीती वाटत होती, कोणास ठाऊक. मग ती उठली, एका पेल्यात चमचाभर इसबगोल घालून त्यावर थोडंसं पाणी ओतलं आणि पाच मिनिटांनी पेला उलटा केला. आतला गोळा जागचा हलला नाही.

"काका, हे आत्ता तुमच्या पोटात आहे," ती म्हणाली. "वरून कोंडा. तो तर चिडखोर पोटाला आणखी फुगवतो."

दुसऱ्या पेल्यात तिनं तेवढाच इसबगोल भरपूर पाण्यात ढवळला. तो मऊ, सुळसुळीत, पेला वाकवला तसा वाहून आला.

मधुसूदनरावांना दिसत होतं, पण पटत नव्हतं. हाडातलं ज्ञान असं पाच मिनिटांत निघतं थोडंच! "पण कांजीवर पाणी..." ते पुन्हा सुरू झाले.

"थांबा जी," प्रयागबाई मध्ये पडल्या. त्याही विणकराच्याच लेक. "मोठे आले पांजणीवाले! पांजणीच्या आधी काय करत होते, ते सांगा ना मॅडमले. कोऱ्या सुताच्या लडी तीन दिवस पाण्यात भिजत राहत नव्हत्या काय? कोरं सूत पाणीच पित नाही. तुडवून तुडवून पाजा लागते. ते काम बायायचं होतं, म्हणून तुमाले दिसलं नाही. माह्या या टाचाले विचारा!" आणि त्यांनी भर दवाखान्यात चप्पल काढून टाच पुढं केली.

मधुसूदनराव त्या टाचेकडे पाहत राहिले. भेगाळलेली, पिवळट टाच. तिनं तुडवलेलं सूत त्यांनी तीस वर्षं विणलं होतं आणि लोकांनी नाव घेतलं ते त्यांच्या हाताचं.

"भिजवण राहिलं म्हणा ना मग," ते हळूच म्हणाले.

दोन दिवस नुसतं पाणी, ताक आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध यांवर गोळा सुटला. मग नवा कारभार सुरू झाला, आणि कारभारीण प्रयागबाई. अर्धा चमचा इसबगोल भरल्या पेल्यात, ढवळला की लगेच प्यायचा, बसू द्यायचा नाही. त्यावर आणखी एक पेला. कोंडा म्हशीला. जेवायला दुधी, मुगाची खिचडी, पपईच्या फोडी. आणि दिवसभर तांब्याचा लोटा. त्या लोटा पुढ्यात ठेवायच्या आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

"तळ दिसू द्या."

"अवं, मी काय लड हाये सुताची?"

"लडीपेक्षा कोरडे हाये तुमी. प्या."

एकदम चमत्कार वगैरे झाला नाही. मध्ये एक-दोन दिवस बिनसलंही. पण पुढच्या आठवड्यात एका सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पोटानं स्वतःहून हजेरी लावली. दुसऱ्या दिवशीही सहा दहा. तिसऱ्या दिवशी मधुसूदनराव सहाला पाच कमी असतानाच दाराशी घड्याळ घेऊन बसले, आणि बरोबर सहा दहाला हसत उठले. घाई नाही, कळ नाही. सहा वर्षांनी त्यांनी चपला नीट घालून संडास गाठला.

भाऊबीज आली. प्रयागबाईंचा स्वतःचा भाऊ त्यांच्याकडे यायचा होता, तेव्हा उमरेडला एकट्यानंच जायचं होतं. त्यांनी पिशवीत अक्कासाठी लुगडं, मिठाईचा डबा, इसबगोलची पुडी आणि वर तो तांब्याचा लोटा ठेवला. मधुसूदनरावांनी जाताना खबरदारी म्हणून दोन लोटे पाणी जास्तीचं पिऊन घेतलं. तीनची बस, गर्दीमुळं सुटायला चार वाजून गेले. बस भरली होती ती नुसत्या भावांनी. ज्याच्या त्याच्या मांडीवर मिठाईचा डबा.

बस निघाली. मधुसूदनराव देवाचं नाव घेत पोटाकडे कान लावून बसले. शहर मागं पडलं. पोट गप्प. ओळखीचा शेवटचा पेट्रोल पंप गेला. पोट गप्प. पाचगाव गेलं, तरी पोट गप्पच, आणि मधुसूदनरावांना इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी उगाचच विचारलं, "बरे हाये ना तुमी?"

आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की पोट गप्प आहे, पण पोटाच्या खालचा शेजारी गप्प नाही. सकाळपासून पाच लोटे! दहा मिनिटं त्यांनी दम धरला. खड्डा आला की डोळे मिटायचे. शेवटी उठले, दांड्याला धरून पुढं गेले.

"कंडक्टर साहेब, दोन मिनिटं थांबवा ना गा."

"काका, भाऊबीज हाये. सगळ्याईले घाई हाये."

"मलेबी घाईच हाये," मधुसूदनराव काकुळतीला येऊन म्हणाले.

सगळी बस हसली. त्यांचे कान तापले. बस थांबली, ते मान खाली घालून उतरले आणि तुरीच्या बांधाशी जाऊन उभे राहिले. मागं पावलं वाजली. वळून पाहतात तो एक तरुण, मग एक टोपीवाला, मग दोघं, मग चौघं. निम्मी बस उतरली होती! बहिणींकडे निघालेले बारा-पंधरा भाऊ तुरीकडे तोंड करून ओळीनं उभे राहिले. "बरं झालं काका, तुमी बोलले," शेजारचा तरुण म्हणाला. "मी नागपूरवरूनच दाबून बसलो होतो."

मधुसूदनरावांना त्या ओळीत उभं राहून फार बरं वाटलं. सहा वर्षं त्यांना वाटत होतं की ही अडचण जगात आपल्या एकट्यालाच आहे. साऱ्या जगाला असते, फक्त कोणी आधी बोलत नाही.

पण या भानगडीत सूर्य कलला. उमरेडच्या स्टॅंडवर उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि पश्चिमेला बीजेची कोर दिसत होती, नखाएवढी. ही कोर फार वेळ थांबत नाही, तासाभरात खाली जाते. मधुसूदनराव पिशवी छातीशी धरून धावत सुटले. जन्मभर ते एकाच कारणासाठी धावले होते. आज कारण दुसरं होतं.

अंगणात रंभाबाईंची सून प्रणाली पणत्या लावत होती. "मामाजी!" ती ओरडलीच. "आई वर गेल्या हाये. ताट घेऊन."

जिना बराच उभा होता, दोन मजल्यांचा. मधुसूदनराव धापा टाकत गच्चीवर पोचले. रंभाबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, हातात ओवाळणीचं ताट, तोंड चंद्राकडे.

"अक्का, थांब!"

त्या वळल्या नाहीत. "कोण हाये?"

"मी. मधू."

"माहा भाऊ तं वर हाये," रंभाबाईंनी चंद्राकडे बोट केलं. "बरोबर येते दर वर्षी. त्याच्या घरी व्याही येऊन राहत नाही. तो घराले रंगही काढत नाही."

"अक्का, मी खोटं बोललो. चारही वर्षं."

"मग खरं काय हाये? बोल लवकर, चांद चालला."

आजूबाजूच्या गच्च्यांवर बायामाणसं पणत्या मांडत होती. सगळ्यांचे कान इकडे. मधुसूदनरावांनी एकदा चंद्राकडे पाहिलं, एकदा त्या पाठीकडे, आणि डोळे मिटून बोलून टाकलं. "पोट. पोट बरं नाही माहं, सहा वर्षांपासून. कवाही धावा लागते. बसमधी बसाचं भेव वाटे मले. म्हणून नाही आलो."

आणि ते 'लोट्या' ऐकायला तयार होऊन उभे राहिले.

पण रंभाबाईंचा आवाज आला तो एकदम खालच्या पट्टीतला.

"किती खेपा?"

"काय?"

"दिवसातून. किती खेपा जा लागते?"

"कधी पाच. कधी तीन दिवस नावच नाही."

"अन् पोट फुगते? नगाऱ्यावानी?"

"हाव."

"अन् दुर्बीण घातली तं म्हणते काहीच नाही?"

मधुसूदनरावांनी डोळे उघडले. "तुले कसं माहीत?"

रंभाबाई वळल्या. "अरे मुडद्या," त्या म्हणाल्या, "माह्या गुडघ्याले काय झालं? दोन जिने चढून उभी हावो ना मी इथं!"

मधुसूदनरावांनी त्या उभ्या जिन्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "मग सांगितलं काहून नाही वं अक्का?"

"कोणत्या तोंडानं सांगू?" रंभाबाईंचा आवाज फाटला. "साठ वर्षं साऱ्या गल्लीत तुले लोट्या म्हटलं म्या. अन् आता तुलेच फोन करून सांगू, का मधू, मलेबी लोटा घेऊन धावा लागते?" बोलता बोलता त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या. मधुसूदनरावांचंही तेच झालं. शेजारच्या गच्चीवरची बाई पणती हातात धरून तशीच उभी राहिली.

"ओवाळ आधी," मधुसूदनराव नाक पुसत म्हणाले. रंभाबाईंनी कुंकू लावलं, ओवाळलं. कोर केव्हा खाली गेली, दोघांनाही कळलं नाही.

खाली जेवणं झाली. घरच्या बाकीच्यांना झणझणीत पाटोडी-रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांची तर्री, होता. या दोघांच्या ताटात मऊ भात आणि ताक. पानं उचलल्यावर रंभाबाई उठल्या, देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागून एक स्टीलचा डबा काढला आणि इकडेतिकडे पाहून भावाजवळ येऊन बसल्या. डब्यात इसबगोल. त्यांनी वाटीत दोन चमचे घेतले, वर जरासं पाणी शिंपडलं आणि घोटायला लागल्या. दाट झालं तसं बोटावर घेऊन तार पाहिली.

मधुसूदनराव टक लावून पाहत होते. "अक्का, पाणी?"

"पाणी काहून?" रंभाबाई म्हणाल्या. "पांजणीवर कोणी पाणी टाकते काय?"

मधुसूदनराव इतके हसले की प्रणाली स्वयंपाकघरातून धावत आली. मग त्यांनी अक्काच्या हातातली वाटी काढून घेतली. पिशवीतलं लुगडं आधीच देऊन झालं होतं. आता त्यांनी आतून तांब्याचा लोटा काढला, माठावर नेऊन काठोकाठ भरला, आणि बहिणीच्या पुढ्यात आणून ठेवला. पेल्यात अर्धाच चमचा इसबगोल भरपूर पाण्यात ढवळून तोही शेजारी ठेवला.

"हे आधी, मग हा लोटा. भिजवण राहिलं. तुहंबी, माहंबी."

"एवढं सारं?"

"तळ दिसू दे. मी इथंच बसून राहिलो."

रंभाबाईंनी पेला संपवला. मग दोन्ही हातांनी लोटा उचलला, घोट घोट प्यायला लागल्या. अर्ध्यावर थांबल्या आणि लोट्याच्या काठावरून भावाकडे पाहिलं.

"लोट्या," त्या म्हणाल्या.

"हाव," मधुसूदनराव म्हणाले. "अजून अर्धा हाये. पी."